खंडित बंदूक

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी एक बंदूक उभी असायची. खंडोबाला रोज एक फूल मिळायचं आणि बंदुकीला रोज करडीचं तेल. लाड कुणाचे जास्त व्हायचे ते मी वेगळं सांगायला नको.

बंदूक माझ्या थोरल्या काकांची, कडूबांची. कुंभार पिंपळगावच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव, आणि राज्य निजामाचं. माझ्या आजोबांनी एका जहागीरदाराच्या शिकारीत वर्षानुवर्षं जनावर उठवायला हाका घातला होता. त्या चाकरीवर खूश होऊन जहागीरदारानं त्यांना ही ठासणीची एकनळी बंदूक दिली. काळा शिसवी दस्ता आणि त्यावर वेलबुट्टीची पितळी पट्टी. रानडुकरांपासून पीक राखायचं म्हणून तिचा परवाना काढलेला होता. आजोबांनी ती घरात आणली, देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि महिन्याच्या आत तापानं गेले. बंदूक देवापुढंच राहिली.

तिथूनच काकांच्या डोक्यात ते बसलं. बापानं देवापुढं ठेवलेली वस्तू, म्हणजे ती देवाचीच. आणि देवाची मूर्ती तडकली, तिचा टवका उडाला, की ती खंडित होते, तिची पूजा करत नाहीत, ती नदीत सोडून द्यायची. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तो नियम बंदुकीला लावणारा माणूस मी आमच्या काकांशिवाय दुसरा पाहिला नाही. बंदुकीला ओरखडा पडला तर ती खंडित होईल आणि बापाची एकुलती एक आठवण गोदावरीत सोडावी लागेल, या भीतीत त्या माणसानं आपली उमेदीची वर्षं काढली.

तसे माणूस म्हणून काका वाईट नव्हते. कुणाचं जनावर अडलं की हातातलं काम टाकून धावायचे. धाकट्या भावावर, म्हणजे माझ्या वडिलांवर, जीव टाकायचे. वडिलांचं नाव भुजंग, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आजोबा गेले तेव्हा नाना पोरसवदा होते, काकांनीच त्यांना वाढवलं, लग्न लावून दिलं. पण बंदुकीचा विषय निघाला की काकांपुढं शहाणपण चालायचं नाही. त्यांनी द्वारकाकाकूंचा लग्नातला शेला फाडून बंदुकीला खोळ शिवून घेतली. शिवली कुणी, तर काकूंनीच. एकदा देवघर सारवताना काकूंची बांगडी दस्त्याला घासली. नखाएवढी रेघ, पण काका आठवडाभर काकूंशी बोलले नाहीत. लाख वितळवून, तीत काजळ कालवून त्यांनी ती रेघ बुजवली आणि वर तेल चोळत बसले. काकू मला सांगायच्या, "मला ताप आल्ता तवा माझं कपाळ इतकं चोळलं न्हाई गं यांनी."

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बंदूक अंगणात यायची. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, विळे, सगळे पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहायची. सगळ्यांच्या वर बंदूक. पूजा झाली की काका आभाळाकडं नळी करून एक बार काढायचे, पुन्हा दारू ठासून भरायचे, खोळीत घालायचे आणि नाडीला तीन तीन गाठी मारायचे. मग डुकरं भुईमूग उकरोत नाहीतर ज्वारी लोळवोत, बंदूक जागची हलायची नाही. काका रानात जाऊन पत्र्याचा डबा बडवायचे. परवाना बंदुकीचा आणि राखण डब्याची, असं गावात लोक हसून म्हणायचे. काकूंकडून ऐकलेलं ते मला अजूनही आठवलं की हसू येतं आणि मग रागही येतो.

मी पाळण्यात होते त्या वर्षी आमच्या विहिरीवर उसाचा एक फड उभा होता. माघ महिना, गुऱ्हाळ लागलेलं. ऊस तोडायला घरची माणसं आणि भावकीतले चार गडी होते. फड चारी बाजूंनी तुटत आला आणि मधे छोटासा तुकडा उरला, तेव्हा आतून खसफस ऐकू यायला लागली. कुत्रं पाचटात तोंड घालून भुंकलं आणि केकाटत मागं पळालं. सगळे कोयते थांबले. शेवटच्या तुकड्यात डुक्कर दडलं होतं आणि त्याला लपायला आता दुसरी जागा नव्हती.

"दादा, बंदूक आण," नाना म्हणाले.

काका घरी गेले. ते बंदूक घेऊन येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण आणली खरी. खोळीसकट आणली आणि फडापासून चांगले दूर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहिले. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते, पानं दस्त्याला घासतील, हे त्यांच्या मनात होतं. काकू पाचट गोळा करत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या मला म्हणायच्या, तेव्हाच मी ओरडायला पाहिजे होतं, पण चार गड्यांसमोर नवऱ्याला कसं बोलायचं म्हणून गप्प राहिले.

"दादा, खोळ तरी काढ!" नाना ओरडले.

"निघू तर दे त्याला. काढतो," काका म्हणाले.

गड्यांनी एका बाजूनं आरडाओरडा केला. डुक्कर धुऱ्याकडं निघेल असा सगळ्यांचा अंदाज. ते निघालं नानांच्या बाजूनं. उसाचे बुडखे मोडत सरळ आलं. नानांनी कोयता उगारला, पण तोडलेल्या उसाच्या ढिगावरून त्यांचा पाय घसरला आणि ते आडवे झाले. डुक्कर अंगावरून पुढं गेलं, थांबलं आणि उलट फिरलं. पहिल्याच धडकेत नानांच्या मांडीत सुळा घुसला.

इकडं धुऱ्यावर काका गाठी सोडत होते. नाडी तेलानं चिकट झालेली, गाठी सुटेनात. पहिली सुटली. दुसरीला दात लावले. काकू ओरडत होत्या, "फाडा ना ओ, फाडा!" ज्या शेल्याच्या दुःखानं काकू कितीतरी वेळा रडल्या होत्या, तोच फाडा म्हणून त्या ओरडत होत्या. शेवटी काकांनी खोळ टराटरा फाडली आणि धावले. उसातून, पाचटातून, बुडख्यांवरून धावले. जवळ जाऊन त्यांनी नळी डुकराच्या बरगडीला लावली आणि चाप ओढला.

घोडा पडला. वरची, दारू पेटवायची टोपी फुटली. नळीतून काहीच निघालं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भरलेली दारू आत ओली होऊन गेली होती. बाहेरून एवढं तेल खाल्लेली बंदूक आतून कोणी पाहिलीच नव्हती.

डुकरानं मान वळवली, नानांच्या पोटाकडं. काकांनी बंदूक फिरवली, नळीला धरली आणि दस्ता त्याच्या जबड्यात घातला. डुक्कर चावलं. डोकं झटकलं. काका पडले, पण नळी सोडली नाही. सुळे शिसवावर करकरत होते, पितळी पट्टी वाकली, नळी बुडख्यांवर आपटत होती. तेवढ्यात गडी कोयते घेऊन आले आणि डुक्कर सगळ्यांना चुकवून ओढ्याकडं निघून गेलं.

नानांची मांडी काकूंनी आपलं लुगडं फाडून बांधली. बैलगाडीनं परतूर, तिथून रेल्वेनं जालना. वाटभर नानांचं डोकं काकांच्या मांडीवर होतं आणि काका एकच शब्द बोलत होते, "भुजंगा, भुजंगा." दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, जखम चिघळली तर पाय काढावा लागेल आणि पाय काढूनही माणूस राहील याची खात्री देत नाही. माझी आई, सगुणाबाई, मला पदराखाली घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची काकांची हिंमत झाली नाही. ते रेल्वेच्या फाटकाजवळ जाऊन बसायचे.

नाना वाचले. पायही वाचला, पण शीर तुटली होती आणि मोडलेलं हाड वाकडं जुळलं. उजवा पाय टेकला की गुडघा बाहेर जायचा. काठीशिवाय एक पाऊल टाकता येत नव्हतं.

बंदूक शेतातच पडली होती. काकूंनी ती उचलून घरी आणली, पुसली आणि देवघरात जिथल्या तिथं ठेवली. जालन्याहून परत आल्यावर काकांनी ती पाहिली. दस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळ्याची खोल रेघ. नळीवर ओरखडे. पितळी वेलबुट्टीचा चोळामोळा. काका म्हणाले, "खंडित झाली." मग आतली ओली दारू उकरून काढली आणि बंदूक पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

पावसाळा आला. भुईमूग पेरला, तो भरला आणि डुकरं आली. आता डबा बडवायलाही काका जाईनात. घरात बसून राहायचे. सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ते नानांच्या पायाकडं बघायचे नाहीत. नाना ओसरीवर आले की हे उठून गोठ्यात. जेवायला वेगळ्या वेळी. एका घरात राहून सख्खे भाऊ असे वागायला लागले. नानांना वाटायचं, मी आता नांगर धरू शकत नाही, दादाला माझं ओझं झालं. माझी आई तर माहेरी निघून जायची भाषा करायला लागली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काकूंनी फाळ आणि कोयते घासायला काढले. काका माळ्यावर चढले आणि पोतं खाली घेतलं.

"पूजेला ठेवता ना?" काकूंनी आशेनं विचारलं.

"न्हाई. गंगेत सोडून येतो." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.

काकूंच्या हातातला फाळ खाली पडला. "डोस्कं फिरलं का तुमचं? सरकारी परवान्याची बंदूक हाये. दाखवा म्हणले तं काय दाखवताल? जेलात टाकतेल. अन् शेतात डुकरं नाचून राह्यले."

"खंडित वस्तू घरात ठिवायची न्हाई."

"अन् हे?" काकूंनी जात्याकडं बोट केलं. "ह्येला दरसाल टाकीवाला येऊन टाकी मारून जातो. समदं अंग चरे चरे हाये त्याचं. तरी लग्नात पह्यली पूजा त्याचीच करता ना? चरे न्हाई पडले तं दाणा दळंल का त्यो?"

"जात्याची गोष्ट येगळी."

"कशी येगळी? सांगा तं खरं."

काकांनी पोतं खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. इतकं सरळ बोलणं समोरून आलं तरी माणूस ऐकत नाही म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच असतं. काकूंना हे कळलं. त्या तशाच ओल्या हातानं नानांकडं गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, उठा. ते आज नुसती बंदूक सोडून येतेल असं मला वाटत न्हाई."

काकूंनी स्वतः गाडी जुंपली. आमच्याकडच्या बाया त्या काळी गाडी हाकत नसत, पण त्या दिवशी कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. वाटेनं नाना गाडीचा खुंट धरून उभे होते, बसवत नव्हतं त्यांना. नदीच्या काठाला गाडी थांबली तेव्हा खाली पाण्यात काका दिसले. पाऊस नुकताच उघडला होता, गंगा दोन्ही काठ भरून गढूळ चालली होती. काका छातीएवढ्या पाण्यात होते आणि आणखी आत सरकत होते. पोतं काठावर पडलेलं. बंदूक दोन्ही हातांवर आडवी, लेकरू धरावं तशी.

घाट नव्हता तिथं, नुसता काळा खडक आणि उतार. नाना काठी टेकत, बसत, घसरत खाली उतरले. काकू मागं.

"दादा!"

काकांनी मागं पाहिलं नाही. "घरी जा भुजंगा."

"पुढं सरकू नको. पाण्याला वढ हाये."

"घरी जा म्हणलं ना."

"खंडित झाली म्हणून सोडून राह्यला?"

"हो."

"मंग मला बी घे संगट." नानांनी हातातली काठी भिरकावली. ती काकांच्या पुढं पाण्यात पडली आणि धारेला लागून निघून गेली. "पाय बघ माझा. आठ महिने झाले, एकदा बी पाह्यला न्हाई तू. आज बघ. हा बी खंडित हाये. घे अन् सोड गंगेत."

काका वळले. छातीवर पाणी आपटत होतं आणि ते डुलत होते. काकू सांगायच्या, त्यांच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता हे पाय सोडतात.

"मी गाठी सोडत बसलो भुजंगा," काका म्हणाले. "तू तिकडं वरडत होतास अन् मी गाठी सोडत होतो. खोळ फाटू नाही म्हणून. ही बंदूक दिसली का मला त्याच गाठी दिसतेत."

"अन् मी दिसलो का?"

नाना खडक धरून आणखी खाली सरकले.

"तेच दिसतं ना? म्हणून तू उठून गोठ्यात जातोस ना? मंग बंदूक सोडून काय होणार हाये? मी तं रोज दिसणार. मलाच सोड."

"असं बोलू नको रे."

"तं मंग तिच्यावरची रेघ नीट बघ." नाना आता पाण्यात उतरले होते, एका पायावर, खडकाला हात लावून. "लै खोल हाये का न्हाई? डुकरानं मान वळवल्ती ती माझ्या पोटाकडं. ती रेघ माझ्या पोटावर यायची व्हती दादा. तू दस्ता मधी घातलास म्हणून तिथं आली. ती रेघ मला पायजे. ती तू फेकून द्यायची न्हाई."

मग काकांनी खाली पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी त्या रेघेवर अंगठा टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेला. त्यानंतर ते रडले. मोठ्यानं रडले, पोटातून. बंदूक डोक्यावर धरून, पाणी कापत काठाला आले आणि नानांच्या पायाशी खडकावर बसले. त्या वाकड्या गुडघ्यावर त्यांनी ओला हात ठेवला.

"दुखतो का रे?" त्यांनी विचारलं.

"थंडीत दुखतो," नाना म्हणाले.

काकूंनी पदरानं दोघांची तोंडं पुसली. आधी दिराचं पुसलं. आठ महिने मनात धरलेला राग त्यांनी तेवढ्यावर भागवला.

मग वर जायची वेळ आली. गाडी वर उभी, मधे चढाचा काळा खडक, आणि नानांची काठी तर गंगेनं केव्हाच नेली होती. काकू खांदा द्यायला पुढं झाल्या. काकांनी त्यांना बाजूला केलं. त्यांनी बंदुकीची नळी तोंडाशी नेऊन फुंकर मारली, आत काही नाही याची खात्री करून घेतली, तिचा दस्ता खाली केला आणि नळी नानांच्या हातात दिली.

आजवर काकांनी आपणहून ती बंदूक दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. नाना ती धरून तसेच उभे राहिले. एक पाऊल टाकलं, दस्ता खडकावर अलगद ठेवला, भार दिला नाही, आणि तोल जाऊन डगमगले.

"दादा, खडक हाये. दस्ता घासंल."

"घासू दे," काका मागून म्हणाले. "जोरानं टेक."